घाटमाथ्यावरची पाच मिनिटं

तुमच्या फ्रिजवर एक फोटो लावलेला आहे. व्हिडिओ कॉलवर तुमची आई फोन ओट्यावर टेकवून ठेवते, तेव्हा तो नेमका माझ्या समोर येतो. घाटाच्या माथ्यावर, रस्त्यावर आखलेल्या पांढऱ्या रेघेपाशी, तुमची दुसरी आजी उभी आहे. एक हात कमरेवर, दुसऱ्या मनगटावर पिवळी पट्टी, पाठीमागे खोल दरी. मान वळवून ती लांब कुठेतरी बघते आहे. खाली धाकट्याने जांभळ्या पेनाने ‘डोंगराची राणी’ असं इंग्रजीत लिहिलंय आणि तिच्या डोक्यावर मुकुट काढलाय.

गेल्या रविवारी थोरलीने मला विचारलं, “आजी, ती कुठे बघतेय?”

मी म्हटलं, “दरीकडे. फार सुंदर दिसते तिथून.”

दरी तिच्या पाठीमागे आहे, हे त्या फोटोत कुणालाही दिसतं. थोरलीने भुवया वर केल्या, अगदी तुमची आई करायची तशा. म्हणून हे लिहायला बसले. ती दरीकडे बघत नव्हती. ती मला शोधत होती, आणि मी जागेवर नव्हते. का नव्हते, ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

तुमच्यासाठी ती आजी. माझ्यासाठी त्या विहीणबाई. मुलाच्या आईला मुलीच्या आईने अहो-जाहो करायचं, पहिलं ताट त्यांना द्यायचं, असा आपल्याकडचा रिवाज. तुमच्या आईबाबांच्या लग्नात मी चांदीच्या ताम्हनात त्यांचे पाय धुतले, त्यांना पैठणी नेसवली. विहीण रुसते आणि तिची समजूत काढावी लागते, असं सगळ्या लग्नांत ऐकलेलं, म्हणून मी मनाची पुरती तयारी केली होती. त्या रुसल्या नाहीत. उलट पंगत बसल्यावर स्वतः पदर खोचून वाढायला उठल्या. आमच्याकडच्या झाडून सगळ्या बायका त्यांचं कौतुक करत घरी गेल्या. मी तीन महिने खपून लग्न उभं केलं होतं, त्याबद्दल कुणी शब्द काढला नाही. तेव्हापासूनचं आहे हे, म्हणून सांगितलं.

माझी सगळी नोकरी एका कॉलेजच्या परीक्षा विभागात झाली. वेळापत्रक करणं हे माझं काम. माझ्या वेळापत्रकात एका विद्यार्थ्याचे दोन पेपर एकाच वेळी आले, असं कधी झालं नाही. मिशनच्या शाळेत आम्हाला सिस्टरांनी वहीच्या डावीकडे समास सोडायला शिकवलं, तो मी आजही किराण्याच्या यादीत सोडते. तुमचे आजोबा होते तोवर हसायचे त्याला.

निवृत्तीनंतर मी नेरूळच्या तलावाभोवती चालायला लागले, चालता चालता पळायला, आणि मग तिथल्याच एका छोट्या क्लबात गेले. दर रविवारी आम्ही पारसिकच्या टेकडीवर चढ पळायचो. क्लबाचे कॅप्टन बंदरातून निवृत्त झालेले इंजिनियर. मी माझ्या पळण्याच्या वेळा टिपायची ती लांब वही त्यांनी पाहिली आणि सगळ्यांच्या वेळा टिपायचं काम माझ्याकडे दिलं. वर्षातून एकदा सह्याद्रीतल्या एका घाटरस्त्यावर रिले शर्यत असते, तिच्या ज्येष्ठांच्या गटात आमचा चौघांचा संघ उतरायचा. रिले म्हणजे काय ते तुम्हाला शाळेत माहीत आहेच, फक्त इथे मैदान नसतं, डोंगर असतो, आणि काठीऐवजी मनगटाला गुंडाळायची पट्टी असते. पहिला टप्पा पायथ्याचा, दुसरा घाटाचा चढ, तिसरा पलीकडचा उतार, चौथा नदीकाठचा सपाट रस्ता. आपला माणूस यायच्या आत पुढच्याने रेघेवर उभं राहायचं. बाकीचे गाडीतून पुढे जातात. कोण किती वाजता कुठे पोचेल, हे आधी कागदावर मांडावं लागतं. ते मी मांडायची.

तीन वर्षं चढ माझा होता. सहा किलोमीटर, अठरा वळणं. चढ हा टप्पा उरलेल्या तिघांना नको असतो, आणि म्हणूनच तो ज्याच्याकडे असतो त्याला सगळे मान देतात. पहिल्या वर्षी मी तुम्हाला माझा फोटो पाठवला आणि तुम्ही माझं नाव ‘रनिंग आजी’ ठेवलंत. तुमच्या वर्गात सांगितलंत म्हणे, आमची आजी डोंगरावर पळते. ते नाव मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण फोनवर तुमच्या तोंडून ऐकायला मिळावं म्हणून रविवार मोजायची.

मग तुमचे साताऱ्याचे आजोबा गेले. विहीणबाई तिकडच्या घरात एकट्या पडल्या. तुमच्या बाबांना काळजी लागली, तेव्हा मीच म्हटलं, आमच्याच सोसायटीत, मी ए विंगला तर बी विंगला एक फ्लॅट रिकामा आहे, आम्ही दोघी एकमेकींना होऊ. त्या आल्या. आणि संध्याकाळी गॅलरीत नुसत्या बसून असतात हे मला बघवेना, म्हणून एका रविवारी त्यांना टेकडीवर मीच घेऊन गेले.

त्या पंजाबी ड्रेसवर पीटीचे पांढरे कापडी बूट घालून आल्या. ओढणी छातीवरून तिरकी घेऊन कमरेला गाठ मारलेली. पायथ्याशी उभ्या राहून त्यांनी वर पाहिलं आणि मला विचारलं, “ह्यो चढ हाय व्हय?”

सगळे हसले. मीही हसले. अर्ध्या तासाने त्या माथ्यावर उभ्या होत्या, आणि मी त्यांच्या मागून धापा टाकत येत होते.

त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, एवढंच मला माहीत होतं. शाळा घाटाच्या वर होती, एस. टी. पायथ्याशी सोडायची आणि त्या रोज डोंगर चढून शाळेत जायच्या, हे त्या दिवशी कळलं. वर्गात त्या शुद्ध बोलत असणार. आमच्याशी मात्र साताऱ्याचंच बोलायच्या. कॅप्टनांनी विचारलं, “ताई, हे आधी का नाही सांगितलंत?”

“त्यात काय सांगायचं? गावातली सगळीच चढायची. म्हशीबी चढायच्या.”

चौथा टप्पा पळणारा आमच्यातला कोपरखैरण्याचा, तुर्भ्याच्या कंपनीतून निवृत्त झालेला. तो म्हणाला, “म्याडम, तुमची नोकरी गेली समजा.” मी हसून घेतलं. घरी येऊन कढीत दोनदा मीठ घातलं.

पुढच्या तीन महिन्यांत त्याचं बोलणं खरं झालं. आमच्यातले उतार पळणारे गृहस्थ गावी राहायला गेले, त्यांच्या जागी विहीणबाई संघात आल्या, आणि कॅप्टनांनी चाचणी ठेवली. टेकडीच्या तीन फेऱ्या म्हणजे साधारण घाटाएवढा चढ, असं आमचं गणित होतं. माझी एक्कावन्न मिनिटं झाली. विहीणबाईंची एकोणपन्नास. सगळ्यांसमोर झाली, मीच घड्याळ धरलं होतं, मीच वहीत लिहिली. कॅप्टन माझ्याकडे न बघता म्हणाले, “मग चढ ताईंकडे, आणि मॅडमकडे उतार. उतारालाही डोकं लागतं हं, मॅडम.”

कॅप्टनांची बायको संघात नाही, पण गाडी तीच चालवते आणि टोमणेही तीच मारते. ती म्हणाली, “टेन्शन नको घेऊस गं. वरमाईचा मान आहे. लग्नात पाय धुतलेस, आता चढ दे.”

विहीणबाई म्हणाल्या, “मला उतारबी चालंल. आमच्या विहीणबाईंनाच द्या चढ.”

खरं सांगते, त्यांनी हिसकावून घेतला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी तो मला परत देऊ केला, तोही सगळ्यांदेखत. मला ‘नको, तुम्हीच घ्या’ म्हणावं लागलं, आणि ते हसतमुखाने म्हणावं लागलं.

त्या आठवड्यात तुम्ही कॉलवर त्यांना नवीन नाव दिलंत. ‘फास्ट आजी’. मला तुम्ही ‘आजी’ म्हणालात. नुसतं ‘आजी’. तुम्हाला आठवणारही नाही. मला ती वेळसुद्धा आठवते, आमच्याकडे सकाळचे साडेआठ वाजले होते.

त्यानंतर मला त्यांच्या सगळ्याच गोष्टी दिसायला लागल्या. त्या चढताना हातात पाण्याची बाटली घेत नाहीत. त्यांचे गुडघे वाजत नाहीत. चढताना त्यांचे ओठ सतत हलतात. देवाचं नाव घेत असतील, असं मी धरून चालले आणि त्याचाही मला राग आला, कारण मला पळताना श्वासाखेरीज काही सुचत नाही. मी तेराशे रुपयांची टोपी घालते, त्या ओढणीने ऊन अडवतात. तरी त्याच पुढे.

शर्यतीच्या आधीचा शेवटचा रविवार. कॅप्टन पुण्याला गेले होते, कोपरखैरण्याच्या गृहस्थांना सर्दी झाली होती. टेकडीवर आम्ही दोघीच. मी तीन फेऱ्या आधी संपवल्या आणि वर कठड्याशी घड्याळ घेऊन बसले. मग त्या निघाल्या. तिसऱ्या फेरीत त्या शेवटच्या वळणावर दिसल्या, तेव्हा मला वाटलं ही दुसरीच फेरी असेल. नव्हती. घड्याळात चव्वेचाळीस मिनिटं झाली होती.

त्या माझ्यासमोर थांबल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर. “किती झाली वो?”

माझ्या डोळ्यांपुढे पुढचं सगळं येऊन गेलं. कॅप्टन तो आकडा ग्रुपवर टाकणार, टाळ्यांची चित्रं येणार, तुमचे बाबा तुम्हाला दाखवणार, तुम्ही फोनवर ओरडणार.

मी म्हटलं, “पन्नास.”

त्यांनी ओढणीच्या टोकाने तोंड पुसलं. माझ्याकडे पाहिलं. “पन्नास? बरं.”

मी वहीत लिहिलं: पन्नास. अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं. आम्ही खाली उतरलो, आणि वाटेत एका हातगाडीवर आवळे घेतले. त्यांनी अर्धे माझ्या पिशवीत टाकले.

आता शर्यतीचं वेळापत्रक या वहीवरून करायचं होतं. मी बसले आणि केलं. साडेसहाला सुरुवात. कॅप्टन पायथ्याला सात वीस. विहीणबाई माथ्यावर आठ दहा. मला आठवतं, आठ दहा लिहिताना मी थांबलेसुद्धा नाही. लिहिलेला आकडा हा लिहिलेला आकडा. त्यावरूनच पुढचं गणित करायचं, ही सवय माझ्या हाडात आहे. चार प्रती काढल्या, प्लास्टिकच्या पाकिटात घालून सगळ्यांना दिल्या.

शर्यतीच्या दिवशी कॅप्टन पायथ्याला बरोबर सात वीसला आले. “बघा, मॅडमचं वेळापत्रक!” असं ओरडत त्यांनी पट्टी विहीणबाईंच्या मनगटाला गुंडाळली. त्या निघाल्या. त्यानंतर थोड्या वेळाने आमची गाडी घाट चढायला लागली. नवव्या वळणाला एक लहान देऊळ आहे, तो चढाचा मध्य. माझ्या कागदाप्रमाणे विहीणबाई तिथे सात पंचेचाळीसला यायच्या होत्या. आम्ही देवळाजवळ पोचलो तर त्या आमच्या पुढे, देऊळ ओलांडत होत्या. घड्याळात सात एकेचाळीस.

कॅप्टनांची बायको स्टिअरिंगवरून वाकून म्हणाली, “अगं बाई, ही कुठे पोचली बघ! तुझ्या कागदात काय लिहिलंय?”

मी म्हटलं, “सुरुवातीला जोर लावतायत. वरची वळणं कठीण आहेत, तिथे दमतील.”

हे मी मनापासून म्हटलं. म्हणजे त्यांनी दमावं, असं मला मनापासून वाटत होतं. गाडी त्यांच्या शेजारून गेली तेव्हा त्यांनी हात हलवला. ओठ हलतच होते.

माथ्यावर एक लहान शाळा आहे, तिच्या मागे नळ आणि स्वच्छतागृह. मी वेळ पाहिली आणि तिकडे गेले. रांग होती. रांगेतून बाहेर आल्यावर मी तोंड धुतलं, पायरीवर बसून बूट काढले, मोजे सरळ केले, नाड्या पुन्हा बांधायला घेतल्या. उतारावर नाडी घट्ट लागते, नाहीतर बोटं पुढे आपटतात. तेवढ्यात रेघेकडून कर्णा ऐकू आला. आयोजक नंबर पुकारत होते. आमचा नंबर होता.

मी घड्याळात पाहिलं. आठ वाजून चार मिनिटं.

आमचा नंबर असणं शक्यच नव्हतं. कागदावर अजून सहा मिनिटं होती. सारखाच वाटणारा दुसरा कुठला तरी नंबर असेल, असं ठरवून मी दुसऱ्या बुटाची नाडी ओवायला घेतली. मुलांनो, पन्नास हा आकडा खोटा आहे हे जगात नक्की ठाऊक असलेली मी एकटी होते, आणि त्या सगळ्या डोंगरावर त्या आकड्यावर सगळ्यांत पक्का विश्वास माझाच होता. कर्णा पुन्हा वाजला. मी गाठ नीट मारली. वर दुसरी गाठ मारली.

शाळेच्या कोपऱ्यावरून कॅप्टनांची बायको धावत आली, चपला वाजवत. “अगं ए! ती केव्हाची येऊन उभी आहे! चल ना!”

मी रेघेवर पोचले तेव्हा आठ वाजून आठ मिनिटं झाली होती. विहीणबाई आठ तीनला आल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला, स्वतःच्या मनगटावरची पट्टी काढून माझ्या मनगटाला गुंडाळली. पट्टी घामाने गरम होती. “निघा,” त्या म्हणाल्या. “उतारावर टाचा रोवू नका.”

तो उतार मी आयुष्यात पळले नाही इतक्या वेगाने पळले, आणि काही उपयोग झाला नाही. आमचा संघ चौथा आला. तिसऱ्या संघात आणि आमच्यात तीन मिनिटांचं अंतर होतं. आमच्या गटात पहिल्या तिघांना व्यासपीठावर बोलावतात. आम्ही खाली खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवल्या.

परतताना गाडीत कॅप्टन पुढच्या सीटवरून म्हणाले, “ताई, रागवू नका. पण संघात पळायचं म्हणजे ठरल्याप्रमाणे पळावं लागतं. तुम्ही सात मिनिटं आधी आलात. पुढचा माणूस कसा उभा असेल? मॅडमचं वेळापत्रक चोख होतं.”

विहीणबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. “चुकलं खरं,” त्या म्हणाल्या.

कोपरखैरण्याचे गृहस्थ मागून बोलले, “आयला, लवकर आली ती पन चूक? कंपनीत आमी लवकर पोचलो म्हनून मेमो नाय मिळाला कदी.”

कॅप्टन हसले, पण बोलायचं ते बोललेच. “पुढच्या वर्षी चढ पुन्हा मॅडमकडे. वेळ थोडा जास्त लागेल, पण अंदाज चुकणार नाही.”

मला हवं होतं ते असं परत आलं. मी काय म्हणावं? मी म्हटलं, “बघू.” आणि सगळं लिहायचं ठरवलंय म्हणून हेही लिहिते: मला आनंद झाला. लाज नंतर वाटली. आधी आनंदच झाला, अगदी पोटातून.

घरी पोचेपर्यंत कॅप्टनांच्या बायकोने फोटो ग्रुपवर टाकले होते. मी शाळेमागे नाड्या बांधत असताना तिने विहीणबाईंचा तो फोटो काढला होता. तुमच्या बाबांनी तो तुम्हाला पाठवला, तुम्ही छापून आणलात, आणि दोन दिवसांनी फ्रिजवर तो मुकुट आला.

तिसऱ्या दिवशी मी शर्यतीच्या वेळा चढवायला वही उघडली. चढ: त्रेचाळीस मिनिटं. वरच्याच ओळीत, माझ्या अक्षरात, पन्नास. सहा दिवसांत सात मिनिटांनी कुणी सुधारत नाही. वही कुणीही वाचली असती तर हसला असता. आमच्या विभागात आकडा चुकला तर खोडायचा नाही, असा नियम होता. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि दोघांच्या सह्या घ्यायच्या: चूक करणाऱ्याची आणि दुसऱ्या कुणाची तरी. मी रेघ मारली. चव्वेचाळीस लिहिलं. माझी सही केली. दुसऱ्या सहीची जागा रिकामी ठेवली. मग वही काखेत मारून बी विंगला गेले.

विहीणबाई जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. मी उभ्यानेच वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा नाकावर चढवला, ओळ वाचली आणि काड्या बाजूला सारून मला बसायला जागा केली.

“तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“व्हय.”

“घड्याळ तर माझ्याकडे होतं.”

“चढताना मी पाढे म्हणते. दोनापासून तिसापर्यंत, आन मग पुन्यांदा पहिल्यापासनं. शाळंला जाताना सवय लागली. त्या दिवशी दुसऱ्या खेपंला सत्तावीसावर होते तवा तुमच्यापुढं आले. एकोणपन्नासाच्या दिवशी तीस संपून पुन्यांदा चाराच्या पाढ्यापतुर आले हुते. मग पन्नास कशी हुतील?”

देवाचं नाव नव्हतं ते. मग गाडीत का बोलला नाहीत, असं मी विचारलं.

“म्हटलं, बघू किती दिस पोटात ठेवतायत.” त्यांनी एक जुडी सोडली. “तीन दिस ठेवलंत. मी पंध्रा धरले हुते.”

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, “मला तुमचा हेवा वाटतो.”

“ठाऊक हाय. लग्नातबी वाटत हुता.” मग मेथीकडे बघतच त्या म्हणाल्या, “आन मला वाटत न्हाई व्हय? पोराला ताप आला की सून पहिला फोन तुमाला लावती. मला तुमच्याकडनं कळतंय, ताप उतरल्यावर. पोरं माझ्या लेकाची, आन बातमी मला ए विंगमधनं येती.”

हे ऐकून मला बरं वाटलं. असं वाटायला नको होतं, पण वाटलं.

त्यांनी हात पुसले, पेन घेतलं आणि सही केली. पूर्ण नाव, फळ्यावर लिहितात तसं गोल, टपोरं. माझ्या सहीच्या शेजारी ती सही इतकी देखणी दिसत होती की मी वही लगेच मिटली.

पुढच्या रविवारी टेकडीच्या पायथ्याशी मी सगळ्यांसमोर वही उघडून कॅप्टनांना दाखवली. कशामुळे लिहिलं तेही सांगितलं. कॅप्टनांच्या बायकोला त्या दिवशी एकही टोमणा सुचला नाही. कोपरखैरण्याचे गृहस्थ बुटाची नाडी बांधायला खाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. कॅप्टन वाचत राहिले, पुन्हा वाचलं. मग विहीणबाईंकडे वळून म्हणाले, “ताई, गाडीत मी तुम्हाला बोललो. माफ करा.” माझ्याकडे हात पुढे केला. “मॅडम, वही द्या.”

मला वाटलं ते बघून परत देतील. त्यांनी ती विहीणबाईंच्या हातात दिली. घड्याळही दिलं. चढ त्यांच्याकडेच राहिला हे वेगळं सांगायला नकोच. चढ जाणार हे मी धरून चालले होते. वहीचा विचार मात्र केला नव्हता.

त्या दिवशी आधी मी पळाले. आठवडाभर धड झोप नव्हती, पाय जड होते. तिसऱ्या फेरीत शेवटच्या वळणावरून वर पाहिलं तर त्या कठड्याशी, माझ्या जागेवर, घड्याळ धरून उभ्या होत्या. मी त्यांच्यासमोर थांबले.

“किती?”

“चोपन्न. वर एकोणीस सेकंद.”

त्यांनी तसंच लिहिलं. एकोणीस सेकंदसुद्धा सोडले नाहीत. आणि समास न सोडता, पानाच्या अगदी कडेपासून.

तो फोटो फ्रिजवरून उतरवू नका. राहू दे तिथेच. ती कुठे बघतेय असं कुणी विचारलं तर आता तुम्हाला सांगता येईल. फक्त धाकट्याला एवढं सांगा, की मुकुट जरा मोठा झालाय.